तो पाय कुठे गेला, हे विचारलंत का?

पत्र

नमस्कार सर. मी पारोळा तालुक्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात बारावी कलाशाखेला इतिहास शिकवतो. महायुद्धांचा धडा पोरांना फार कोरडा वाटतो. सनावळ्या पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. म्हणून यंदा एक प्रयोग केला. युद्धावर पाच ओळींची गमतीदार लिमरिक लिहायची, फळ्यावर मांडायची आणि ज्याला जास्त टाळ्या त्याला बक्षीस म्हणून पेन. दोन दिवस वर्ग नुसता हसत होता. सर्वांत जास्त टाळ्या या ओळींना पडल्या:

एक होता फौजी, गेला सीमेवर लढायला,
एक पाय तिथेच ठेवून लागला रडायला,
  पेन्शन आली,
  बाटली झाली,
आता जातो पारावरती पत्ते कुटायला!

टाळ्या चालू असतानाच दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून बाहेर गेली. तिच्या आजोबांचा पाय १९७१ च्या युद्धात सुरुंगावर पडला होता. गावात त्यांना फौजी आबा म्हणतात. कोणीतरी फळ्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी आबा कुबडी टेकत स्वतः कॉलेजात आले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मास्तर, पाय मना गया, तुमले हासू कसाले ई ऱ्हायनं?" म्हणजे पाय माझा गेला, तुम्हाला हसू कशाला येतंय? मला उत्तर देता आलं नाही. प्राचार्यांनी उपक्रम बंद करायला सांगितलाय. युद्धावर विनोद करूच नये का? माझं चुकलं का? आणि त्या मुलाला काय सांगू?

– एक इतिहास शिक्षक

उत्तर

सर, चुकलात. पण प्राचार्यांना वाटतंय तिथे नाही. लिमरिक लिहायला लावलीत हे उत्तमच केलंत. चूक त्या पेनात आहे. टाळ्या मोजून बक्षीस ठेवलंत तेव्हाच पोरांना कळलं की सरांना इतिहास नको, हशा हवाय. मग जो हशा सर्वांत जवळ सापडतो तो त्यांनी उचलला. तो पारावरच बसलेला होता.

आता त्या ओळी जरा उचलून पाहा. पानिपतावर नेऊन ठेवा, बसतात. कारगिलमध्ये ठेवा, बसतात. पेन्शनच्या जागी बक्षिशी म्हणा आणि नेपोलियनच्या फौजेत टाका, तिथेही बसतात. म्हणजे त्यांत १९७१ आहेच कुठे? ते युद्ध ३ ते १६ डिसेंबर, अवघे चौदा दिवस चाललं. पश्चिम आघाडीवर शकरगडच्या भागात बसंतर नदी ओलांडताना आपल्या सैन्याला सुरुंगांच्या पट्ट्यांतून वाट काढावी लागली, तीही रात्रीची आणि कडाक्याच्या थंडीत. सुरुंगाला हिंदू, मुसलमान, शिपाई, साहेब काही कळत नाही, त्याला फक्त वजन कळतं. यातलं एक अक्षरही त्या पोराच्या पाच ओळींत नाही. आबांचा पाय कुठे गेला हे त्याला ठाऊकच नव्हतं. ठाऊक असतं तर 'बाटली झाली' लिहिताना त्याचा हात अडखळला असता, असं मला आपलं वाटतं.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. लिमरिक उचलून दुसऱ्या युद्धात ठेवायची. तिथेही फिट बसली तर वही परत द्यायची आणि म्हणायचं, "अजून वाच." बसली नाही, तरच फळ्यावर.

या कसोटीला उतरणारा माल दुसऱ्या महायुद्धात पोत्याने पडलाय. एकच सांगतो. १९४१ मध्ये ब्रिटिश गुप्त खात्याने मेलेल्या उंदरांच्या पोटात स्फोटकं भरायची योजना आखली. उंदीर कारखान्याच्या बॉयलरजवळ टाकायचा, कोळसा ओढणारा माणूस तो किळसून भट्टीत फेकणार आणि बॉयलर उडणार. पहिलीच खेप जर्मनांच्या हाती लागली. एकही उंदीर फुटला नाही. पण असले उंदीर आणखी कुठे कुठे ठेवलेत या धास्तीने जर्मन शोधतच बसले. एवढा त्रास खऱ्या स्फोटांनीही झाला नसता, असं शेवटी इंग्रजांनाच वाटलं. आता हे पाच ओळींत बसवून पाहू:

इंग्रजांनी दारू भरली मेल्या उंदरांच्या पोटी,
जर्मनांनी वाटेतच धरली सगळीच्या सगळी पेटी,
  एकही नाही फुटला,
  तरी घाम सुटला,
बिळाबिळात शोधत बसली फौज एवढी मोठी!

ही पानिपतावर ठेवून दाखवा.

दुसरा नमुना गाजराचा. रात्री येणारी जर्मन विमानं ब्रिटिश वैमानिक अचूक पाडू लागले, कारण त्यांच्या विमानांत रडार बसलं होतं. ते तर सांगायचं नव्हतं. म्हणून सरकारने आवई उठवली की आमचे वैमानिक गाजरं खातात, म्हणून त्यांना अंधारात दिसतं. जॉन कनिंगहॅम नावाच्या वैमानिकाला वर्तमानपत्रांनी 'मांजरडोळ्या' करून टाकलं. जर्मनांनी यावर कितपत विश्वास ठेवला कोण जाणे, इंग्लंडमधल्या आयांनी मात्र ठेवला. ब्लॅकआउटमध्ये ठेचकाळणाऱ्या घरांनी गाजरं खाल्ली. गाजर मुबलक होतं आणि बाकी बरंच काही रेशनवर, त्यामुळे सरकारला दुहेरी फायदा.

वैमानिकाला रात्री दिसे, जणू काळं मांजर,
सरकार म्हणे, "गुपित एकच, रोज खातो गाजर!"
  रडारचा पत्ता
  सांगायचा नव्हता आत्ता,
ब्रिटनभरच्या ताटांमध्ये कंद तोच तो हाजर!

'हजर'चं 'हाजर' मी केलंय. खान्देशात चालतं, पुण्यात लाल शाई मिळेल. पोरं हसून झाली की त्याच तासाला एक वाक्य घाला, की याच युद्धात १९४३ साली बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसं उपासमारीने आणि साथींनी मेली. तिकडे गाजराचे लाड चालले होते आणि इकडे भाताची पेज मिळेना. त्यावर लिमरिक लिहा असं सांगू नका. नुसतं सांगून दोन मिनिटं गप्प राहा.

तुमच्या पोराच्या ओळींत कारागिरीचाही एक दोष आहे, तोही त्याला दाखवा. लढायला, रडायला, कुटायला. मराठीत क्रियापदांची यमकं रस्त्यावर पडलेली असतात. ती उचलली की डोकं चालवावं लागत नाही आणि डोकं चाललं नाही की तपशील येत नाही. वर्गात नियमच करा: लांब ओळींच्या यमकाच्या जागी क्रियापद चालणार नाही. नाम शोधा, गावाचं नाव शोधा, वस्तू शोधा. मग मुलगा आपोआप पुस्तक उघडतो, कारण 'पेटी'ला जुळणारं काही सापडेपर्यंत त्याला पेटीत काय होतं ते वाचावंच लागतं. इंग्रजी लिमरिकचा ठेका आघातांवर चालतो, तो आपल्याला जसाच्या तसा उचलता येत नाही. टाळीवर म्हणा. लांब ओळीला चार टाळ्या, मधल्या आखूड ओळींना दोन-दोन. ज्या पोरांच्या घरी लग्नात उखाण्यांची झड लागते त्यांना हे शिकवावं लागत नाही. पाचवी ओळ आधी लिहायला सांगा. फटका तिथे बसायचा असतो, बाकी चार ओळी नुसती वाट झाडून ठेवतात.

आता आबांचा प्रश्न. "हासू कसाले?" याला तुम्ही उत्तर देऊ शकला नाहीत, मीही दिलं नसतं. पण एक गोष्ट सांगतो. पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये ईप्र नावाचं शहर होतं. टॉमींना, म्हणजे इंग्रज शिपायांना, तो फ्रेंच उच्चार जमेना, म्हणून ते त्याला 'वायपर्स' म्हणत. जर्मन तोफांनी त्या शहराचा चुराडा केला होता. १९१६ च्या सुरुवातीला तिथल्या ढिगाऱ्यात एका पलटणीच्या लोकांना एक छपाई यंत्र सापडलं आणि त्यांनी आघाडीवरच 'वायपर्स टाइम्स' नावाचं चेष्टेखोर वर्तमानपत्र काढलं. त्यात खंदकांच्या नकली जाहिराती असत, वरिष्ठांची टर असे. एका अंकात तर संपादकांनी कळवलं की डिव्हिजनमध्ये एक भयंकर रोग पसरलाय, कवितांचं वादळ उठलंय. चिखलाने पाय सडत होते, उंदीर अंगावरून जात होते, आणि ही माणसं कवींना हसत होती.

म्हणजे युद्धावर विनोद हा तुमच्या वर्गाने काढलेला पोरखेळ नव्हे. तो आधी खंदकातच जन्मला. पण त्यांनी टर कोणाची उडवली ते बघा. लांब बसून हुकूम सोडणाऱ्यांची, चिखलाची, स्वतःची. शेजारी पाय गमावून पडलेल्या सोबत्याची नव्हे. आबांनाही पलटणीतले विनोद आठवत असणार. फौजेत राहून हसला नाही असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. ते हसू त्यांचं आहे. तुमच्या पोराने ते न विचारता उचललं, आणि तेही चुकीचं.

लिमरिक हसवायलाच हवी असंही नाही. एक प्रसंग घ्या. पहिल्या महायुद्धातली ब्रिटिशांच्या हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन, नाव पुण्याचं आणि तिच्यात मराठा पलटणी. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेली. डिसेंबर १९१५ मध्ये कुत इथे तुर्कांनी वेढा घातला. १४७ दिवस तो चालला. दाणापाणी संपलं, घोडे कापले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार जणांनी शरणागती पत्करली. त्यानंतर शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं आणि त्यात हजारो मेले. जनरलसाहेबांना इस्तंबूलजवळच्या एका बेटावर आरामात ठेवलं, आणि कैदेत असतानाच ब्रिटिश सरकारने त्यांना 'सर' केलं.

कुतमध्ये हरले साहेब एक मोठी लढाई,
बेटावरती बंगला आणि पदवीची कमाई,
  वाळवंटी उन्हात
  पडला जो रस्त्यात,
त्याची वाट बघत बसली साताऱ्याला आई.

ही फळ्यावर लिहा आणि वाचून दाखवा. दुसऱ्या ओळीला पोरं हसतील. पाचवीला काय होतं ते बघा.

माझीही एक चूक सांगून टाकतो. धुळ्यात शिकवत असताना एका वर्षी मी अख्खा तास हिटलरच्या मिशीवर घालवला. नक्कल करून दाखवली, चालून दाखवलं. वर्ग लोटपोट. सहामाहीच्या पेपरात एका मुलाने लिहिलं, 'हिटलर हा एक विनोदी हुकूमशहा होता.' साठ लाख ज्यूंची हत्या ज्या राजवटीने केली तिचा म्होरक्या माझ्या मेहेरबानीने विदूषक होऊन बसला होता. त्या मुलाचे गुण कापताना माझाच हात थरथरला. तेव्हापासून हुकूमशहाची टर उडवायचीच तर त्याच्या मिशीची नाही, त्याच्या दाव्यांची. रशिया काही महिन्यांत गुडघ्यावर येईल या हिशेबाने त्याने जून १९४१ मध्ये फौजा आत घातल्या आणि थंडीचे पुरेसे कपडेही बरोबर दिले नाहीत. एवढ्या एका गोष्टीत दहा लिमरिकांचा ऐवज आहे.

काही जागा मी स्वतः टाळीन. हिरोशिमा, ६ ऑगस्ट १९४५, त्यात मला हसण्याजोगं काही सापडत नाही आणि शोधायचंही नाही. आपल्या नंदुरबारचा शिरीषकुमार, ९ सप्टेंबर १९४२. हातात झेंडा घेऊन निघालेला पंधरा वर्षांचा विद्यार्थी, त्याच्यावर आणि त्याच्या चार सोबत्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तुमच्या बारावीच्या पोरांपेक्षा लहान होता तो. एखाद्या हुशार पोरीने त्या पोलिसांवर लिहिलं, पोराच्या झेंड्याला भिऊन बंदूक काढणाऱ्यांवर, तर मी वाचेन. पण सांगून लिहून घेणार नाही.

आणि घरचंच काही हवं असेल, ज्याने कोणाच्या आजोबांना लागणार नाही, तर चारशे वर्षं मागे जा. असीरगड हा खान्देशच्या फारुकी सुलतानांचा मोठा आधार. अकबराने वेढा घालून जानेवारी १६०१ मध्ये तो घेतला आणि मुलगा दानियाल याच्या नावावरून सुभ्याचं नाव करून टाकलं दानदेश. 'आईन-ए-अकबरी'त तेच नाव येतं. पुढे काय झालं ते तुमच्या एसटीच्या पाट्या सांगतात.

अकबराने गड जिंकून काढला नवा आदेश,
"दानियालचं नाव लावा, म्हणा याला दानदेश!"
  दानियाल गेला,
  हुकूम मेला,
कळण्याची भाकर खात बसला आपला खान्देश!

हा दानियाल पुढे बऱ्हाणपुरातच वारला. त्याचं पिणं सुटावं म्हणून पहारे बसवले होते. तर नोकराने बंदुकीच्या नळीत भरून दारू आणली, आत गंज आणि जुन्या दारूचा धूर, आणि ती प्यायल्याने तो गेला, असं त्याच्या भावाने, जहांगीरने, आठवणींत लिहिलंय. 'दारू' शब्दाचे दोन्ही अर्थ मराठीत फुकट मिळतात. बंदुकीतली दारू आणि बंदुकीतलीच दारू! ही मी मुद्दाम लिहीत नाही, तुमच्या पोरांसाठी सोडतो. असीरगड आज मध्य प्रदेशात गेलाय, पण बऱ्हाणपूर भुसावळहून रेल्वेने जवळच आहे. सहल काढा.

प्राचार्यांकडे जाताना नुसती बाजू मांडायला जाऊ नका, नवा कागद घेऊन जा. लिमरिकखाली मुलाने दोन ओळी लिहायच्या: यातलं खरं काय आणि ते कुठे वाचलं, आणि मी पदरचं काय घातलं. गुण त्या दोन ओळींना. टाळ्यांना शून्य. फळ्यावर जाण्याआधी वही तुम्ही वाचायची, आणि वर्गात मोबाइल बंद. बक्षिसाचं पेन तुमच्याच खिशात राहू द्या.

राहिला तो मुलगा. त्याला प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माफी मागायला लावू नका. त्याने त्याचा चेहरा पडेल आणि आबांना दुसऱ्यांदा फळ्यावर उभं केल्यासारखं होईल. आणि मुलगी? तिच्याशी आधी तुम्ही बोला, एकट्याने, आणि चूक माझी होती असं सांगा. कारण ती खरंच तुमची होती. मग एखाद्या रविवारी, आबांना आधी निरोप पाठवून, त्या मुलाला घेऊन त्यांच्या घरी जा. वही नेऊ नका. मुलाने एकच विचारायचं: "आबा, पाय कुठे गेला?" आणि मग गप्प बसून ऐकायचं. आबा म्हणाले की नाही सांगायचं, तर चहा घेऊन उठायचं. ते सांगू लागले, तर मध्ये तारखा दुरुस्त करायला जाऊ नका, ही आपल्या इतिहासवाल्यांची वाईट खोड. पलटणीत हसण्यासारखं काय व्हायचं हे त्यांनी स्वतःहून काढलं, तर ते त्या मुलाच्या कानावर पडू द्या.

त्यानंतर त्याला पुन्हा पाच ओळी लिहाव्याशा वाटल्या, तर त्या आधी आबांना वाचून दाखवायच्या, वर्गाला नंतर. त्यांनी हो म्हटलं तर मलाही पाठवा. नको म्हणाले तर मला काही कळवू नका.